दोन अधिवास, दोन स्पर्धक: स्थलांतराचे मॉडेल कोणत्या क्रमाने उभे करावे

गणिती जीवशास्त्राच्या प्रकल्पांत एक आलेख हमखास असतो. दोन स्पर्धक प्रजाती, दोन अधिवास, मधे स्थलांतर, आणि काही वेळाने आडव्या होऊन थांबलेल्या चार रेषा. खाली निष्कर्ष दिलेला असतो की स्थलांतरामुळे सहअस्तित्व शक्य होते. बऱ्याचदा त्या आलेखातून हा निष्कर्ष निघतच नाही. समतोल अस्थिर असतो, किंवा गणना फार लवकर थांबवलेली असते, किंवा स्थलांतराचे पद लिहिताना हवेतून जीव निर्माण झालेले असतात. बीजगणित बहुधा बरोबर असते. घोळ होतो तो पायऱ्यांच्या क्रमात, म्हणून हा लेख क्रमानेच लिहिला आहे.

उदाहरण ब्रिटनमधल्या खारींचे घेऊ. तिथली मूळची लाल खार आणि एकोणिसाव्या शतकात उत्तर अमेरिकेतून आणून सोडलेली करडी खार यांची स्पर्धा चांगली अभ्यासलेली आहे. करडी आकाराने मोठी, आणि ओकची फळे तिला लालपेक्षा चांगली पचतात. त्यामुळे रुंदपर्णी वनात तिचे पारडे जड राहते. बारीक बियांच्या सूचिपर्णी वनात करड्यांची दाटी कमी असते आणि लाल खारी तग धरतात. इंग्लंडच्या उत्तरेचे किल्डर वन हे त्याचे ठळक उदाहरण. दोन अधिवास, दोन्हींत निकाल वेगळा, आणि मधे ये-जा: मॉडेलसाठी याहून सोयीची जोडी मिळणे कठीण. खालचे आकडे मात्र सरावासाठी घेतलेले आहेत, कोणत्याही वनातल्या मोजणीचे नाहीत.

पूर्वतयारी: कागदावर ठरवायच्या गोष्टी

संगणक उघडण्याआधी चिन्हे पक्की करा. ल म्हणजे लाल खारी, क म्हणजे करड्या. अक्षराला चिकटलेला अंक अधिवासाचा: १ म्हणजे सूचिपर्णी वन, २ म्हणजे रुंदपर्णी. व हा वाढीचा दर, ध ही धारणक्षमता (ये-जा नसताना एकट्या प्रजातीची अधिवासात पोसली जाणारी संख्या), स हा स्पर्धागुणक, द हा स्थलांतराचा दर. या चिन्हांना चिकटलेले ल किंवा क म्हणजे ते कोणत्या खारीचे. 'सल' म्हणजे एक करडी खार लाल खारींच्या वाट्यातून किती लाल खारींइतके ओढून घेते तो आकडा; 'सक' म्हणजे याच्या उलट, एका लाल खारीचा करड्यांवरचा परिणाम. हा अर्थ शब्दांत लिहून ठेवा, कारण सल आणि सक यांची अदलाबदल ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे, आणि ती झाली तरी आलेख दिसायला अगदी व्यवस्थितच येतो.

मग एककांकडे वळा. व आणि द दोन्ही "दर एकक काळाला" या मापात असतात. व वर्षाला आणि द महिन्याला मोजलेला असेल तर पुढचे सगळे वाया. द चा अर्थ तपासायची सोपी रीत म्हणजे त्याचा व्यस्तांक. द = ०.२ असेल तर एक खार एका अधिवासात सरासरी ५ एकक काळ राहून बाहेर पडते. हा आकडा जीवशास्त्राच्या दृष्टीने पटतो का?

तिसरी गोष्ट: संख्या मोजणार की घनता? अधिवास सारख्या आकाराचे असतील तर फरक पडत नाही, पण तसे क्वचितच असतात. समजा अधिवास १ आहे १०० हेक्टरचा आणि अधिवास २ आहे ४०० हेक्टरचा. दुसऱ्यातून २० खारी निघून पहिल्यात आल्या तर तिथली घनता हेक्टरी ०.०५ ने घटते आणि इथली ०.२ ने वाढते. दोन्ही समीकरणांत सारखेच पद घातले तर हिशेब जुळत नाही. घनतेत काम करायचे असेल तर येणाऱ्या पदाला क्षेत्रफळांच्या गुणोत्तराने गुणा. नाहीतर सरळ संख्येतच काम करा. मी स्वतः संख्येचीच शिफारस करतो.

सावधान: इथे स्थलांतर म्हणजे वर्षभर थोडीथोडी चालणारी ये-जा. ठाणे खाडीत ठरावीक ऋतूत येऊन परत जाणाऱ्या रोहित पक्ष्यांसारख्या हंगामी स्थलांतराला हे स्थिर दराचे पद चालत नाही. तिथे द हा काळानुसार बदलणारा घ्यावा लागतो.

टप्पा १: स्थलांतर बंद ठेवून प्रत्येक अधिवास सोडवा

द = ० घ्या. प्रत्येक अधिवासात आता साधे लोटका-व्होल्टेरा स्पर्धेचे मॉडेल उरते:

ल१ चा बदलदर = वल × ल१ × [१ − (ल१ + सल × क१) ÷ धल१]

क१ चा बदलदर = वक × क१ × [१ − (क१ + सक × ल१) ÷ धक१]

प्रत्येक अधिवासासाठी दोनच प्रश्न विचारा. करड्यांनी भरलेल्या वनात मोजक्या लाल खारी वाढतील का? धल हे सल × धक पेक्षा मोठे असेल तर हो. लालांनी भरलेल्या वनात मोजक्या करड्या वाढतील का? धक हे सक × धल पेक्षा मोठे असेल तर हो. दोन्ही उत्तरे "हो" असतील तर सहअस्तित्व. एकच "हो" असेल तर ती प्रजाती जिंकते. दोन्ही "नाही" असतील तर जी आधी जम बसवेल ती टिकते, म्हणजे निकाल सुरुवातीच्या संख्येवर ठरतो.

हा टप्पा गाळला तर पुढे जे दिसेल ते स्थलांतरामुळे आहे की ते मुळातच होते, हे सांगता येत नाही. एका अधिवासात आधीच सहअस्तित्व असेल तर त्याचे श्रेय स्थलांतराला देता येणार नाही.

टप्पा २: स्थलांतराची पदे जोडा आणि बेरीज तपासा

ल१ च्या समीकरणात + दल × (ल२ − ल१) जोडा, ल२ च्या समीकरणात + दल × (ल१ − ल२). करड्यांसाठी तसेच दक घालून. दोन प्रजातींचे द वेगळे असू शकतात हे विसरू नका. दोघांना एकच द देणे हे गृहीतक आहे, आणि ते अहवालात स्पष्ट लिहावे लागते.

तपासणी: वल आणि वक शून्य करून मॉडेल चालवा. आता जन्म नाही, मृत्यू नाही, फक्त ये-जा. ल१ + ल२ ही बेरीज शेवटपर्यंत तीच राहिली पाहिजे. दशांशाच्या चौथ्या स्थानावर जरी ती सरकत असेल तरी पद चुकले आहे किंवा गणनेची अचूकता कमी आहे. दोन मिनिटांची ही तपासणी दोन आठवडे वाचवते.

टप्पा ३: एकेकट्या प्रजातीचा समतोल स्थलांतरासह काढा

स्पर्धक अजून बाहेरच ठेवा. एकट्या प्रजातीला दोन्ही अधिवासांत सोडा आणि ती कुठे स्थिरावते ते पाहा. बहुतेक जण ही पायरी अनावश्यक समजतात, कारण प्रत्येक अधिवासात ती आपल्या धारणक्षमतेला जाऊन थांबेल असे वाटते. स्थलांतर असताना तसे होत नाही.

एक उदाहरण पाहा. धारणक्षमता २० आणि १०. स्थलांतर फार वेगवान असेल तर दोन्हीकडची संख्या सारखी होते आणि एकूण संख्या येते २ × (व१ + व२) ÷ (व१ ÷ ध१ + व२ ÷ ध२). व१ = ३, व२ = १ घेतले तर एकूण ३२, म्हणजे धारणक्षमतांच्या बेरजेपेक्षा २ ने जास्त. वाढीचे दर उलटे केले, व१ = १ आणि व२ = ३, तर एकूण सुमारे २३. धारणक्षमता त्याच, जमीन तीच, तरी ३० कुठेच नाही. म्हणून पुढच्या टप्प्यात धारणक्षमतेचा आकडा उचलून वापरणे ही गंभीर चूक ठरते.

आता खारींचे आकडे, रुंदपर्णी वनातली करड्यांची क्षमता १ धरून. करड्यांसाठी वक = १, धक१ = ०.२, धक२ = १, दक = ०.२. समतोल काढला की क१ सुमारे ०.२८३ आणि क२ सुमारे ०.८६५ येते. सूचिपर्णी वनाची क्षमता ०.२ असताना तिथे ०.२८३ करड्या राहत आहेत, कारण शेजारच्या वनातून त्यांची आवक चालू आहे. हे दोन आकडे जपून ठेवा.

टप्पा ४: शिरकावाची चाचणी

प्रश्न असा: करड्या स्थिरावलेल्या असताना थोड्याशा लाल खारी वाढतील की संपतील? लाल इतक्या कमी आहेत की त्यांचा आपापसांतला दबाव सोडून द्यायचा. उरतो दोन ओळी, दोन स्तंभांचा मॅट्रिक्स. मुख्य कर्णावर प्रत्येक अधिवासातला लालांचा दरडोई वाढीचा दर वजा दल, आणि उरलेल्या दोन जागी दल. याचे मोठे आयगेन मूल्य, म्हणजे मोजक्या लालांच्या वाढीचा एकंदर दर, धन असेल तर शिरकाव होतो, ऋण असेल तर नाही.

वल = १, धल१ = ०.५, धल२ = १, सल = १.५, दल = ०.४ घेऊ. करड्यांचे खरे समतोल आकडे वापरले तर लालांचा दरडोई दर सूचिपर्णी वनात १ − १.५ × ०.२८३ ÷ ०.५, म्हणजे सुमारे ०.१५. रुंदपर्णी वनात तो सुमारे −०.३०. मॅट्रिक्सचे मोठे आयगेन मूल्य येते सुमारे −०.०१४. लाल खारी संपतात.

याच जागी करड्यांसाठी नुसत्या धारणक्षमता, ०.२ आणि १, घातल्या तर दर होतात ०.४ आणि −०.५, आणि आयगेन मूल्य येते सुमारे +०.१५. उत्तर सरळ उलटे, आणि तेही ठणठणीत दिसणारे. खऱ्या संवर्धनाच्या कामात या फरकावर एखाद्या वनात करड्यांना आवर घालायचा की नाही हे ठरू शकते.

दल बदलून हीच चाचणी पुन्हा करून पाहा. दल = ०.२ केला तर मोठे आयगेन मूल्य पुन्हा धन होते, सुमारे ०.०३. म्हणजे इथे लालांनी जास्त फिरणे त्यांच्याच मुळावर येते: प्रतिकूल वनाकडे ओघ वाढतो आणि अनुकूल वनात जन्मलेल्या खारी तिथे जाऊन खर्ची पडतात. बदलाची सीमा सुमारे ०.३१ वर आहे. ती स्वतः काढा; मॅट्रिक्सचा निर्धारक शून्य ठेवला की एका ओळीत उत्तर मिळते.

सावधान: ही चाचणी फक्त अल्पसंख्य लालांबद्दल बोलते. लाल आधीच भरपूर असतील तर निकाल वेगळा येऊ शकतो. म्हणून उलटी चाचणीही करा: लाल स्थिरावलेले, करड्या मोजक्या. दोन्हींकडे शिरकाव होत असेल तरच सहअस्तित्वाची बाजू भक्कम म्हणता येते.

टप्पा ५: समतोल आहे, पण तो टिकतो का?

सर्वांत जास्त प्रकल्प इथे अडखळतात, म्हणून इथे थांबून नीट पाहू. खारी बाजूला ठेवा आणि पूर्ण सममित उदाहरण घ्या: दोन्ही प्रजातींचे व = १, ध = १, स्पर्धागुणक सारखाच स, स्थलांतराचा दर सारखाच द, आणि स हा १ पेक्षा मोठा. टप्पा १ प्रमाणे स्थलांतराविना प्रत्येक अधिवासात एकच प्रजाती टिकते.

आता अशी अवस्था शोधा जिथे अधिवास १ मध्ये पहिली प्रजाती जास्त आणि दुसरी कमी, तर अधिवास २ मध्ये बरोबर उलट. मोठ्या संख्येला थ म्हणू, लहानीला न. समीकरणांची बेरीज आणि वजाबाकी केली की सुटसुटीत उत्तर मिळते:

थ + न = १ − २ × द

थ × न = द × (१ − २ × द) ÷ (स − १)

स = २, द = ०.०५ घातले तर थ सुमारे ०.८४७ आणि न सुमारे ०.०५३. हे ०.०५३ केवळ शेजारून येणाऱ्यांवर जगते. वाट बंद केली की ते शून्यावर जाते.

थ आणि न वेगळे असण्यासाठी द हा (स − १) ÷ [२ × (स + १)] पेक्षा लहान हवा. स = २ साठी ही मर्यादा १ ÷ ६, म्हणजे सुमारे ०.१६७. बरेच जण इथे थांबतात आणि "द ०.१६७ पर्यंत सहअस्तित्व" असे लिहून मोकळे होतात. हे चूक आहे. समतोल अस्तित्वात असणे आणि तो स्थिर असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. चार चलांचा जेकोबियन (एकेक चल किंचित हलवले तर प्रत्येक बदलदर किती हलतो याचा मॅट्रिक्स) लिहून स्थैर्य तपासले तर अट निघते:

द < (स − १) ÷ [२ × (२ × स + १)]

स = २ साठी ही मर्यादा फक्त ०.१. मधला पट्टा, ०.१ ते ०.१६७, हा फसवा. समतोल आहे, कागदावर सापडतो, आणि तरी किंचित धक्का लागला की एक प्रजाती दोन्ही अधिवासांतून नाहीशी होते.

हा जेकोबियन हाताने करताना घाबरू नका. सममितीमुळे चार बाय चारचा मॅट्रिक्स दोन बाय दोनच्या दोन तुकड्यांत फुटतो. एक तुकडा सममिती राखणाऱ्या बदलांचा, दुसरा ती मोडणाऱ्या बदलांचा. पहिला तुकडा ०.१६७ ची अट देतो, दुसरा ०.१ ची. जे फक्त पहिला पाहतात त्यांनाच खोटे सहअस्तित्व दिसते.

तपासणी: द = ०.१२ घ्या. थ सुमारे ०.६११, न सुमारे ०.१४९. सममिती मोडणाऱ्या तुकड्याचे मोठे आयगेन मूल्य सुमारे ०.१०९ आले पाहिजे. ऋण आले तर एखादे चिन्ह चुकले आहे.

टप्पा ६: आता संगणक

पायथनच्या सायपाय या गणिती संग्रहातले 'सॉल्व्ह आयव्हीपी' हे समीकरणे सोडवणारे फंक्शन पुरेसे आहे, पण त्याची सापेक्ष अचूकता काही न सांगता ०.००१ असते आणि निरपेक्ष अचूकता ०.०००००१, म्हणजे दहा लाखांत एक. लोप पावणाऱ्या प्रजातीची संख्या त्याखाली गेली की पुढचे आकडे निरर्थक. दोन्ही मर्यादा किमान हजारपटीने कडक करा. संख्या ऋण जाताना दिसली तर ती शून्यावर आणून झाकू नका. अचूकता वाढवा आणि पुन्हा चालवा.

सुरुवातीची स्थिती कधीही पूर्ण सममित देऊ नका. ल१ = क२ = ०.९ आणि ल२ = क१ = ०.१ असे नीटनेटके आकडे दिले तर द = ०.१२ वरही सहअस्तित्व दिसेल. संगणकाची आकडेमोडही तितकीच सममित चालते, त्यामुळे ही अवस्था फार काळ टिकू शकते. एका आकड्यात ०.०००००१ ची भर घाला. आयगेन मूल्य ०.१०९ असेल तर तो फरक दर ६ एकक काळाला जवळपास दुप्पट होतो, आणि आलेखावर डोळ्यांना दिसण्याइतका, म्हणजे ०.०१ चा, व्हायला सुमारे ८४ एकक काळ लागतो. गणना ५० वर थांबवली तर सगळे शांत, २०० पर्यंत नेली तर एक रेषा कोसळलेली.

म्हणूनच किती काळ चालवायचे हे अंदाजाने ठरवू नका. टप्पा ४ आणि ५ मधून मिळालेल्या, चिन्ह सोडून सर्वांत लहान आयगेन मूल्याचा व्यस्तांक घ्या आणि त्याच्या किमान वीसपट काळ चालवा. टप्पा ४ च्या खारींसाठी ०.०१४ चा व्यस्तांक सुमारे ७०, म्हणजे १,४०० एकक काळ. तिथे लालांची संख्या निम्मी व्हायलाच ५० एकक लागतात.

शेवटी, एकाच सुरुवातीवर विसंबू नका. स = २, द = ०.०५ या सुरक्षित पट्ट्यातही दोन्ही अधिवासांत पहिली प्रजाती भरपूर असेल तर दुसरी संपते, कारण एकट्या प्रजातीचे समतोलही तिथे स्थिरच आहेत. सुरुवातीच्या स्थितींची जाळी करून प्रत्येकीचा शेवट नोंदवा.

टप्पा ७: मॉडेलमध्ये काय बसत नाही ते आधी ठरवा

करड्या खारी स्क्विरलपॉक्सचा विषाणू वाहतात. त्यांना त्याचा फारसा त्रास होत नाही, लाल खारी मात्र त्याने मरतात. काही जण हे मृत्यू सल वाढवून मॉडेलमध्ये बसवतात. असे करू नका. स्पर्धेचा परिणाम करड्यांच्या संख्येच्या प्रमाणात असतो. रोगाचा परिणाम बाधित आणि निरोगी यांच्या भेटीवर अवलंबून असतो, आणि एकच बाधित करडी खार नव्या वनात पोचली तरी तो सुरू होतो. बाधितांसाठी वेगळी चले घ्या, समीकरणे वाढली तरी चालेल.

द फार लहान असेल तिथेही सावध राहा. वेल्सच्या अँगलसी बेटावरून करड्या खारी हटवण्यात आल्या आणि तिथे लाल खारी पुन्हा वाढल्या. बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधे मेनाई सामुद्रधुनी आहे आणि तिच्यावर दोन पूल. अशा ठिकाणी आपली समीकरणे दर वर्षी खारीचा एखादा तुकडा पलीकडे पाठवतात, आणि तो तुकडा वाढत जाऊन पूर्ण आक्रमण होते. प्रत्यक्षात एक अख्खी खार पोचते किंवा पोचत नाही, आणि पोचली तरी तिला जोडीदार मिळेलच असे नाही. दर वर्षी अपेक्षित आवक एकाहून कमी येत असेल तर गिलेस्पी पद्धतीने, म्हणजे एकेक जन्म, मृत्यू आणि ये-जा यादृच्छिकपणे घडवून, हेच मॉडेल पूर्णांकांत पुन्हा चालवा, शेकडो धावा घ्या, आणि त्यांतल्या किती धावांत ५० वर्षांनंतरही बेटावर लाल खारी उरल्या ते प्रमाण अहवालात द्या.